एका होकारासाठी मेढ्यापर्यंत

मिरज स्टेशनाबाहेर बबनची जीप उभी होती. मी रुबाबात उजवीकडचं पुढचं दार उघडलं, आत बसलो, पट्टा लावला आणि डोळे मिटून घेतले. दोन विमानं आणि एक रात्रगाडी अंगात मुरलेली होती. बराच वेळ जीप हलेना. डोळे उघडून बघतो तर पोटाला स्टिअरिंग टेकलंय आणि बबन बाहेर उभा राहून काचेवर किल्ली वाजवतोय.

"काय रं बिरू, तूच हाणनार का गाडी? मग मी मागं जाऊन झोपतो."

अमेरिकेत चालकाच्या शेजारचा माणूस उजवीकडं बसतो. इतकी वर्षं तिथं काढल्यावर बुडाला तीच सवय लागलेली. हे बबनला समजावून सांगेपर्यंत दोन रिक्षावाले आणि एक केळीवाली मला नीट बघून घेत होती. मी मुकाट उतरलो, जीपला वळसा घातला आणि डावीकडं जाऊन बसलो. मागच्या सीटवरून आमच्या सौभाग्यवती, सुनंदा, शांतपणे म्हणाल्या, "भावजी, कंपनीसुद्धा अशीच चालवली ह्यांनी. ऐटीत बसायचे हे, हाणायचे दुसरेच."

यावर बबन इतका हसला की त्याला जीप सुरू करता येईना. यंदाच्या आमच्या फेरीची सुरुवात ही अशी झाली. तिकडं आमची भाचरं आणि महाराष्ट्र मंडळातले स्नेही विचारतात, एवढे पंधरा-वीस तास उडून तुम्ही तिथं करता काय? त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

सांगली, विश्रामबाग

बबनचा नि माझा संबंध मेंढरांमुळं. आम्ही मूळचे औंधच्या पलीकडचे, एका उघड्याबोडक्या माळावरच्या गावातले धनगर. दिवाळी झाली की आमचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे दगडी घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं आणि घोंगड्यांत बांधलेलं बिऱ्हाड, या सगळ्याला मिळून आमच्यात वाडा म्हणतात. चारा शोधत तो कृष्णाकाठच्या काळ्या रानात उतरायचा. ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसतील त्याच्या रानाला खत, आणि बदल्यात आम्हाला धान्य. बबनच्या वडलांच्या रानात आमचा मुक्काम ठरलेला असे. एका उन्हाळ्याच्या शेवटी वाडा माघारी निघाला, तेव्हा बबनची आई माझ्या आबांना म्हणाली, "ह्याला ठिवा हितं. शाळंत हुशार हाय. आमच्या बबनला बी वाईच वळण लागंल."

वाडा गेला, मी राहिलो. बबनला वळण काही लागलं नाही. तो उसाकडं वळला. मला मात्र कॉलेज लागलं.

ते कॉलेज विश्रामबागेत. यंदा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बबन नि मी पायीच तिकडं निघालो, सुनंदा तिच्या मावशीकडं गेली होती. मी इलेक्ट्रॉनिक्सला होतो. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत एका चिपला सगळ्या वर्गानं आळीपाळीनं हात लावायचा, देवीच्या पादुकांना लावतात तसा. त्या काळ्या, झुरळासारख्या बारीक पायांच्या तुकड्यात आत काय असतं, हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्या रात्री मी खोलीवर जाऊन बंद पडलेल्या एका कॅल्क्युलेटरची चिप ब्लेडनं कापून बघितली. आत काही दिसलं नाही. बोट तेवढं कापलं. पुढची सगळी कारकीर्द म्हणजे त्या रात्री जे दिसलं नाही ते बघण्याचा उद्योग, असं मी भाषणांत सांगायचो. टाळ्या पडायच्या. बोटाचं सांगत नसे.

रस्त्यावरची झाडं बरीच गेलीत. आमच्या खाणावळीच्या जागी क्लास झालेत, आणि पोरं पाठीवर एवढाल्या पिशव्या घेऊन चाललेली की मला आमची घोडी आठवली. चहाची टपरी मात्र होती. मालक बदलला होता, चव नव्हती बदलली. तिकडं कॅलिफोर्नियात 'चाय' म्हणून दालचिनीचा काढा देतात आणि वर विचारतात, साखर चालेल का? इथं माणसानं विचारलंच नाही. साखरेच्या मुलखात विचारायचं काय?

टपरीसमोर दातांच्या दवाखान्याच्या वरचा एक मजला रिकामा होता. मला सांगलीत नवी कंपनी काढायची होती, म्हणून तो दाखवायला बबननं मला आणलेलं. खिडकीतून थेट कॉलेजचं फाटक दिसत होतं. मी आत उभा राहून हातवारे करत सांगत होतो, इथं इंजिनियर बसतील, इथं यंत्रं राहतील, आणि या मजल्यावर आपण चिपचा नकाशा काढायचा.

"आनि चिप?" बबननं विचारलं.

"ती तैवानात बनणार. तिथल्या कारखान्यात."

"म्हंजे ऊस आपला, कारखाना दुसऱ्याचा?" बबन गंभीर झाला. "मग काटा मारत्यात बघ त्ये. वजन करताना तू सोता हुबा ऱ्हात जा."

पुढं त्याला दुसरी काळजी लागली. "धूर न्हाई, चिमणी न्हाई, भोंगा न्हाई. मग लोकांस्नी कळनार कसं आत काम चाललंय म्हणून?"

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. मजला मिळत होता, वीज मिळत होती, आमच्याच भागातली, पुण्या-बंगळूरला जाऊन अवघडलेली पाच-सहा चांगली पोरंपोरी यायला तयार होती. पण सगळ्यांचं म्हणणं एकच: वैशालीमॅडम असतील तर आम्ही येऊ. आणि वैशालीमॅडमनी अजून हो म्हटलं नव्हतं.

वैशाली कॉलेजातून थेट माझ्या कंपनीच्या बंगळूरच्या शाखेत आली होती. काम चिपच्या आतल्या वाटांचा नकाशा आखायचं. आख्खं शहर नखाएवढ्या जागेत बसवायचं, आणि एकही रस्ता दुसऱ्याला चुकून चिकटता कामा नये. नकाशा एकदा कारखान्यात गेला की परत बोलावता येत नाही. तीन-चार महिन्यांनी चिप हातात येते, आणि ती मुकी निघाली तर वर्ष गेलं आणि कंपनीही जाऊ शकते. म्हणून पाठवायच्या आदल्या आठवड्यात सगळे मिळून चुका शोधतात आणि शेवटी प्रत्येकानं 'हो' म्हणायचं असतं. आमच्या तिसऱ्या चिपच्या वेळी सगळ्यांनी हो म्हटलं. माझा भागीदार तुआन, तो व्हिएतनामचा, त्यानं तर केक आणला होता. आणि नुकतीच लागलेली ही मुलगी फोनवर म्हणाली, "सर, मी हो म्हणणार नाही. एक भाग सगळ्यांनी बरोबर असेल म्हणून धरून चाललाय. तो कुणीच बघितलेला नाही."

तो भाग खरंच चुकलेला होता. केक आम्ही तसाच फ्रीजमध्ये ठेवला आणि नकाशा दुरुस्त झाल्यावर खाल्ला, वाळलेला. तेव्हापासून तिच्या होकारावर माझी श्रद्धा आहे आणि तिच्या गप्प राहण्याची मला भीती वाटते.

पुढं कंपनी मोठ्या कंपनीनं विकत घेतली. वैशाली दुसरीकडं लागली आणि गेली काही वर्षं मेढ्याला सासरी राहून घरूनच काम करत होती. नवरा फौजेत, तिकडं ईशान्येच्या सीमेवर. घरी सासू-सासरे आणि चौथीतली मुलगी. आता तिच्या कंपनीनं कळवलेलं, पाडव्यानंतर सगळ्यांनी बंगळूरच्या ऑफिसात हजर व्हायचं. म्हणजे एक तर म्हाताऱ्यांना सोडून बंगळूर, नाही तर माझी सांगली. सांगलीहून तीन-साडेतीन तासांत घर गाठता येतं. पण माझं दुकान वर्षभरात गुंडाळलं गेलं तर? मग बंगळूरही गेलेलं आणि सांगलीही. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "सर, एकदा घरी येऊन जा. मग सांगते."

तिकडं कामाला माणूस घेताना त्याच्या घरचा विषय काढला तर वकिलाची नोटीस येते. इथं घरी गेल्याशिवाय विषयच निघत नाही.

औंधच्या वाटेनं

मेढ्याला जायच्या आधी घरी जाणं भाग होतं. सांगलीचा हिरवागार ऊस मागं पडला, तोडणीच्या गाड्या कमी झाल्या, आणि विट्याच्या पुढं जमीन हळूहळू खपली धरलेल्या जखमेसारखी दिसायला लागली. हा रंग दिसला की मी काच खाली करतो. सुनंदा म्हणते, धूळ येते.

औंधला टेकडीवर यमाईला जाऊन आलो. पायऱ्या चढताना मी तीनदा 'देखावा बघायला' थांबलो. बबन प्रत्येक वेळी म्हणायचा, "बघ, बघ. निवांत बघ. डोंगर कुठं जात न्हाई, तुजा दम जातोय." लहानपणी या पायऱ्या मी आबांच्या खांद्यावरच्या कोकरासकट पळत चढायचो, असं मी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "कोकरू आबांच्या खांद्यावर, म्हणजे चढायचे आबा." चाळीस वर्षांत कुणी ही चूक काढली नव्हती.

दादा, माझा थोरला भाऊ, गावात होता. त्याची मेंढरं आता मोजकी उरलीत, लांबचा वाडा बंद झालाय. त्यानं मला बघितलं, घोंगडं झटकून टाकलं आणि म्हणाला, "बस. वाळलास." मी तिकडं दर सोमवारी वजन करतो, म्हणून सांगतो, वाळलो नव्हतो. पण हे ऐकायलाच तर माणूस एवढ्या लांब येतो. वहिनींनी हुलग्याचं माडगं केलं होतं, वर तुपाची धार. पहिल्या घोटाला मी आठ वर्षांचा झालो. दुसऱ्या घोटाला जीभ पोळली आणि पुन्हा वयावर आलो.

दादाला मी मोबाइलवर आमच्या पहिल्या चालू झालेल्या चिपचा फोटो दाखवला, सूक्ष्मदर्शकातून काढलेला. चिप आखणाऱ्या लोकांची एक जुनी खोड आहे. कोपऱ्यात थोडी जागा उरली की तिथं कुणी आपली सही करतं, कुणी चित्र काढतं. केसापेक्षा बारीक. ते कधी कुणाला दिसत नाही, पण चिप जिथं जाईल तिथं जातं. मी मेंढी काढली होती.

दादानं फोटो लांब धरला, जवळ धरला.

"हे काय, ससा हाय का?"

"मेंढी आहे दादा."

"असल, असल." त्यानं मोबाइल परत दिला. "किती हायत असल्या?"

"लाखांनी असतील आता. जगभर. चार्जरमध्ये, यंत्रांत."

"आनि दिसत न्हाईत?"

"नाही."

"मग राखण कशी करतूस?"

मी मोबाइल खिशात घातला. सुनंदा मात्र फार वेळ हसत होती.

संध्याकाळी आम्ही जुन्या गोष्टी काढल्या. अमेरिकेला गेल्यावर पहिल्या नोकरीत मला चिपच्या कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालावा लागे, नाकतोंड झाकून, धुळीचा एक कण आत जाऊ नये म्हणून. तो फोटो मी घरी पाठवला होता. आई तो फोटो घेऊन गावभर फिरली आणि लोकांना सांगत राहिली की ल्योक डाक्टर झाला. निम्म्या गावाला तो पटकीचा रोगी वाटला. लोक भेटायला येऊन आबांना धीर देऊन गेले. धुळीच्या गावातला पोरगा धूळ नसलेल्या खोलीत पोटाला लागला होता, आणि रात्री त्याला धुळीचीच स्वप्नं पडत, हे काही फोटोत दिसत नव्हतं. पुढं तुआनबरोबर शेवयांच्या हॉटेलवरची एक खोली घेऊन आम्ही कंपनी काढली. पहिली चिप मुकी निघाली. त्या दिवशी खालच्या हॉटेलवाल्या बाईनं आम्हा दोघांपुढं न बोलता दोन वाडगी आणून ठेवली. माझ्या त्या वाडग्यात पाणी पडत होतं, आणि मी मिरचीला दोष देत होतो. सुनंदा तेव्हा शाळेच्या लायब्ररीत लागली. तिच्या पगारावर घर चाललं आणि माझ्या नावावर कंपनी.

हे सगळं दादा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग आता हितंच येनार म्हन. सुनंदाचं काय म्हननं?"

मी इकडंतिकडं बघितलं. सुनंदा वहिनींबरोबर गोठ्याकडं गेली होती. "तिला अजून तसं विचारलं नाही," मी हळूच म्हणालो. "तिचं घर आहे तिथं, अंगणातलं लिंबाचं झाड, फिरायला जायच्या मैत्रिणी. मुलं जवळ. ती नाहीच म्हणेल. मी येऊन-जाऊन करीन."

दादानं तंबाखू मळली. आमच्या घरात हे मोठं उत्तर असतं.

मेढा

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. मेढ्याचा रस्ता धरला की दोन्हीकडून डोंगर जवळ येतात, मध्ये कण्हेर धरणाचं पाणी चमकतं. भात निघून गेलेल्या खाचरांत पावटा आणि गहू उभा होता. माळावरून आलेल्या माणसाला इतकं पाणी एका जागी बघून उगाच अपराधी वाटतं.

वैशालीचे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, ओसरीवर वाट बघत होते. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा. मी विमानतळावरून खास आणलेली बाटली पुढं केली. आणताना सुनंदा म्हणाली होती, आधी चौकशी करा. मी म्हणालो होतो, फौजी माणूस, चौकशी कसली? सुभेदारांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यातून तुळशीची माळ मला दिसली.

"आवं, मी माळकरी हाय," ते म्हणाले. "फौजेत बी कवा शिवलो न्हाई. माझा कोटा पल्टन पीत हुती."

मी जमिनीत जायला जागा शोधत होतो. त्यांनीच सावरून घेतलं. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "अगं, ही बाटली ठिव. तुझं गुडगं चोळाया हुईल."

"चोळाया?" बबन कळवळून म्हणाला. त्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. जेवण होईपर्यंत तो अधूनमधून त्या दाराकडं बघत होता.

वैशाली बाहेर आली, वाकून नमस्कार केला, सुनंदाला हाताला धरून आत घेऊन गेली. मला वाटलं होतं ती समोर बसेल, तिचे नेहमीचे प्रश्न काढेल. मी उत्तरं पाठ करून आलो होतो. ती आली नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला आणि बाहेर सुभेदारांनी माझी भरती सुरू केली.

"उमर?"

सांगितली.

"शुगर, बीपी?"

तेही सांगितलं.

"मुलं?"

"दोन. तिकडंच असतात."

"बरं, आता ह्ये चिप म्हंजे काय, वो? सून सांगती, पर आमच्या डोक्यात जात न्हाई."

मी समोरच्या खाचरांकडं बोट केलं. बांध फोडला की पाणी खाली उतरतं, घातला की थांबतं. चिपमध्ये पाण्याऐवजी वीज, आणि असे बांध लाखांनी. कुठला कधी फुटायचा, कुठला कधी लागायचा, तेवढंच सगळं गणित.

"आनि कुठं बांध घालायचा ते आमची सून ठरवती?"

"हो."

"हितं बी तीच ठरवती," सुभेदार म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"सायेब, एक इचारू? राग मानू नका. आमी ल्हान हुतो तवा खाली वाईकडच्या रानात धनगर यायचं. चांगली मानसं. रान खतवायची. पर हंगाम सरला की एका सकाळी बघावं तर जागा रिकामी. चुलीची राख तेवढी असायची." त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमी बी सांगलीत येनार, चांगलं करनार. पर तुमचा वाडा कवा उठनार? कारन आमची सून तिची चाकरी सोडून येनार. तुमी गेला तर तिनं कुठं जायाचं?"

बबनचा चेहरा लाल झाला. "आवं सुभेदार, असं कसं बोलता? हा काय..."

मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. राग यायला पाहिजे होता, आला नाही. इतकी वर्षं मला गुंतवणूकदारांनी, बँकांनी, मोठमोठ्या कंपन्यांनी सतरा प्रश्न विचारले. माझा धंदा समजून घेऊन विचारलेला प्रश्न हा पहिलाच. त्यांनी बघितलेला तो आबांचा धंदा, पण माझाही तोच. आम्ही पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात उतरून मग उठणारी माणसं. मीही एका रानातून उठून दुसऱ्यात गेलो, तिथं शहाणा म्हणवलो.

मी आधी तयार उत्तर दिलं. दर दीड महिन्याला येईन, रोज संध्याकाळी फोनवर असेन, पडद्यावर सगळं दिसतं.

"कंपनी कमांडर पीछे बैठके टेलिफोनवर लढत न्हाई," सुभेदार म्हणाले.

मग मी खरं सांगितलं. "सुभेदार, आमच्यात वाडा गडी हलवत नाहीत. गडी नुसते पुढं मेंढरं घेऊन चालतात. बिऱ्हाड बाया बांधतात, घोडीवर बाया लादतात. त्यांनी घोंगडं गुंडाळलं की वाडा उठला, आणि त्यांनी चूल मांडली की वाडा बसला."

"मग आमी चुकीच्या मानसाला इचारतोय," सुभेदार म्हणाले.

आणि इथं माझ्या तोंडाला काय झालं कळत नाही. मी म्हणालो, "तसं नाही. आम्ही दोघं राहणार. विश्रामबागेत. घर करून."

आवाज माझाच होता, पण जरा जास्तच मोठा निघाला. आतला थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा थापणं सुरू झालं. सुभेदारांनी मान हलवली आणि म्हणाले, "चला, जेवू."

तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, लसणाची चटणी, वर घरचं दही. मला एरवी जेवणाचं फार लिहायची हौस आहे, पण त्या दिवशी मी काय खाल्लं ते सुनंदाला विचारून लिहितोय. मी सगळा वेळ तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ती वैशालीच्या सासूबाईंना लिंबाचं लोणचं कसं घालायचं ते सांगत होती. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

हात धुऊन बाहेर आलो तर वैशाली दारात उभी.

"सर, मी येते सांगलीला. पाडव्यापासून चालेल?"

मी विचारलं, "तुझे प्रश्न?"

"झाले विचारून."

"कधी? मला तर..."

ती हसली आणि मुलीच्या वेणीची रिबीन बांधायला वळली. मला वाटलं, सासऱ्यांकडून विचारून घेतलं असेल. फौजी कुटुंब, कामाची वाटणी असते. निघताना सुभेदारांनी मला कडकडून हात मिळवला आणि जीपमध्ये आमच्या पायांशी तांदळाचं पोतं ठेवलं. तिकडं करार झाला की शॅम्पेन फोडतात. बबन त्या पोत्याकडं बघून म्हणाला, "आनि त्येंची बाटली गुडग्याला."

मेढा मागं पडला. बबन खुशीत होता. "मानलं गड्या तुला. काय बोललास! वाडा, बिऱ्हाड, घोडी. त्या म्हाताऱ्याला पार गप केलंस." मीही थोडा फुगलो होतो. नाही म्हणत नाही. पण मागच्या सीटवर शांतता होती, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला शांततेचे प्रकार कळतात. एवढंच कळत नव्हतं की हा प्रकार कुठला.

कण्हेरच्या पाण्यापाशी बबन पाय मोकळे करायला उतरला. ऊन तिरपं झालेलं. मी मागं वळलो.

"सुनंदा, मी तिथं जरा जास्तच बोललो."

"ऐकलं. आख्ख्या आळीनं ऐकलं."

"म्हणजे, तुझी इच्छा नसेल तर आपण अजून... लिंबाचं झाड आहे, तुझ्या मैत्रिणी, मुलं..."

"मुलांना फोन करा म्हटलं तर महिन्यातून एकदा करतात. आणि लिंबू सांगलीतही लागतो." ती खिडकीबाहेर बघत होती. "वैशाली हो का म्हणाली, कळलं का तुम्हाला?"

"मी सुभेदारांना सांगितलं ना, की..."

"तुम्ही ओरडलात तेव्हा तिचं हो म्हणून झालेलं होतं. आम्ही आत गेलो, तिनं परात ओढली आणि पहिला प्रश्न मला. म्हणाली, सरांचं मला सगळं माहीत आहे, पण सगळे धरून चाललेत की तुम्ही येणार नाही, नाही तर धरून चाललेत की तुम्ही येणार. तुम्हाला कुणी विचारलंय का? मी म्हटलं, नाही बाई. तिकडं गेले तेव्हा विचारलं नव्हतं, परत यायचं म्हटल्यावरही नाही. तूच पहिली."

खाली पाण्याच्या कडेला बबन दगड मारत उभा होता.

"मग तू काय सांगितलंस?"

सुनंदानं पदरानं चष्मा पुसला. "सांगितलं, येते म्हणून. ती बिचारी हात पिठात घालून बसली होती, तिला लगेच सांगून टाकलं. तुम्ही विचारलं असतं ना, तर महिनाभर तरी भाव खाल्ला असता मी."